स्लिपमधला माणूस

ठाण्याहून बाळकूम मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी लागते. इथल्या खाचरांच्या जागी गोडाऊन उभी राहिली, रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागू लागल्या, डोक्यावर मेट्रोचे खांब आले. तरी ठाणे-भिवंडीच्या या पट्ट्यात टेनिस चेंडूचं क्रिकेट कमी झालेलं नाही. उलट त्यात पैसा आला. गावोगावच्या स्पर्धांत आता खेळाडूंचे लिलाव होतात, आयकॉन खेळाडू ठरतात, मालिकावीराला दुचाकी मिळते. हा पैसा जातो कुठे हे पाहिलं तर उत्तर सरळ आहे: षटकार मारणाऱ्यावर. संघ कुणी चालवायचा, कुणाला कुठे उभं करायचं, हे ठरवणारा माणूस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी विचार करून नेमला जातो. ही चूक आहे असं माझं मत आहे, आणि ते मांडायला मी अशाच गावातले एक काका-पुतण्या उभे केले आहेत. काकांची बाजू माझी आहे. पुतण्याच्या तोंडी मी ते आक्षेप घातले आहेत, जे मला खोडायला सगळ्यात जड गेले.

पुतण्या: काका, संघाला मॅनेजर लागतो हेच मला पटत नाही. मैदानात अकरा जण उतरतात, बाराव्याने बाहेर बसून काय करायचं? तुम्ही कायम अजित वाडेकरांचं उदाहरण देता. कॅप्टन म्हणून 1971 साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंड जिंकले, मग 1992 ते 1996 भारतीय संघाचे मॅनेजर झाले, घरच्या मैदानांवर संघ कसोटी मालिका हरेनासा झाला. मान्य. पण वेस्ट इंडिजमध्ये गावसकरने चार कसोटींत 774 धावा केल्या, सरदेसाईने 642. ओव्हलवर चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले तेव्हा इंग्लंड 101 वर गारद झालं. 1993 ला इंग्लंडला आपण 3-0 हरवलं ते कुंबळेच्या 21 बळींवर, आणि खेळपट्ट्या फिरकीच्या होत्या म्हणून. वाडेकरांच्या जागी दुसरा कुणीही असता तरी हेच झालं असतं. स्वतः वाडेकरांचं कसोटीत शतक किती? एक.

काका: एकच, वेलिंग्टनला, 143. सरासरी 31 च्या आसपास. पण तू बॅटचेच आकडे मोजतोयस. सदतीस कसोटींत त्यांनी 46 झेल घेतले आहेत, त्यातले बहुतेक स्लिपमध्ये, आणि गोलंदाज कोण तर बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. तिथे उभ्या राहणाऱ्याचं काम काय असतं ते बघ. गुडघ्यात वाकून, हात गुडघ्यांच्या पुढे सैल सोडून, नजर बॅटच्या कडेवर. दिवसभरात शेकडो चेंडू टाकले जातात, त्यातला एखाद-दुसराच त्याच्याकडे येतो. पण प्रत्येक चेंडूला तो आपल्याकडेच येणार असं धरून त्याला वाकावं लागतं. प्रसन्नाने या वेळी चेंडू जास्त उंच सोडलाय का, चंद्राचा हा वेगवान आहे का, फलंदाज पाय पुढे टाकायला का कचरतोय, हे सगळं गोलंदाजाच्या बरोबरीने त्याला वाचावं लागतं. बळी घेतला गोलंदाजाने. झेल सुटला तर मात्र गोलंदाजाचे सहा-सात षटकांचे कष्ट पाण्यात जातात. दुसऱ्याचं काम शेवटाला नेणं, हे स्लिपमधल्या माणसाचं काम. मॅनेजरचंही तेच आहे. म्हणून मी म्हणतो, वाडेकरांची मॅनेजरकी 1992 ला सुरू झाली ती अचानक नाही, तिची तालीम पंचवीस वर्षं आधी सुरू झाली होती.

पुतण्या: ही तुलना ऐकायला छान आहे. पुरावा कुठे आहे?

काका: एकट्या वाडेकरांवर मी विसंबत नाही. तिकडे अमेरिकेत बेसबॉलमध्ये एक जागा असते, फर्स्ट बेस. फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसकडे पळतो. क्षेत्ररक्षक चेंडू उचलून बेसवर फेकतो, आणि फलंदाज पोचायच्या आत फर्स्ट बेसमनने एक पाय बेसवर ठेवून तो पकडायचा असतो. फेक खाली आली, बाजूला गेली, टप्पा पडून आली, तरी ती चांगली करून घ्यायची जबाबदारी त्याची. नीट पकडलं तर कौतुक फेकणाऱ्याचं होतं. ब्रुकलिन डॉजर्सचा गिल हॉजेस असा फर्स्ट बेसमन होता. आधी त्याला यष्टिरक्षकासारखं फलंदाजाच्या मागे उभं करत. 1948 ला रॉय कॅम्पनेला संघात आला, तेव्हा हॉजेसला पहिल्या बेसवर हलवलं, आणि त्या जागेवर त्याने पुढे तीन वर्षं ओळीने उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार घेतला. 1952 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, हाच माणूस 21 वेळा बॅटिंगला उभा राहिला आणि त्याला एकही हिट मिळाली नाही. तीन वर्षांनी, 1955 च्या सातव्या सामन्यात, डॉजर्सच्या दोन्ही धावा त्याच्या बॅटमुळे आल्या आणि शेवटचा बळी पी वी रीझच्या फेकीवर त्याच्याच हातात पडला. पुढे तो न्यूयॉर्क मेट्सचा मॅनेजर झाला. 1968 ला मेट्स 73 सामने जिंकले, 89 हरले. पुढच्याच वर्षी 100 जिंकले, 62 हरले, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोरला 4-1 ने हरवलं. संघातली बरीचशी पोरं तीच होती.

इथे पुतण्याचा एक आक्षेप तसाच्या तसा घ्यायला हवा, कारण तो उगाच काढलेला नाही. एका वर्षात संघ सुधारला याचा अर्थ मॅनेजरने सुधारला असा होत नाही. तरुण गोलंदाज एका वर्षाने परिपक्व होतात, समोरचे संघ ढेपाळतात, नशीबही लागतं. निकालाच्या रकान्यावरून मॅनेजरची किंमत ठरवणं म्हणजे पाऊस पडला म्हणून ज्योतिषाला दक्षिणा देणं. मॅनेजरची कसोटी वेगळ्या ठिकाणी घ्यायला हवी. त्याच्यासमोर एखादा निर्णय आला, तो घेतला नसता तर गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या असं दाखवता येतं का, आणि दुसऱ्या कुणी तो तसाच घेतला असता का, एवढंच बघायचं. या कसोटीवर वाडेकर किती उतरतात?

काका: किंग्स्टनपासून सुरुवात कर. 1971, पहिली कसोटी. पहिला दिवस पावसात वाहून गेला. भारताने 387 केल्या, वेस्ट इंडिज 217 वर आटोपलं. आघाडी 170 ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला 200 लागतात. पण एक दिवस गेल्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जातो आणि 150 पुरतात, हा नियम वाडेकरांना ठाऊक होता. ते समोरच्या कॅप्टनकडे, सोबर्सकडे गेले आणि पुन्हा बॅटिंग करा म्हणाले. सोबर्सना आश्चर्य वाटलं. सामना अनिर्णित राहिला, पण वेस्ट इंडिजला भारताने फॉलोऑन दिला ही गोष्टच त्या दौऱ्याची हवा बदलणारी होती. पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनची. दुसऱ्या डावात सलीम दुराणी चेंडू मागायला आला, मी बळी घेतो म्हणाला, अशी आठवण त्या संघातले लोक सांगत आले आहेत. दुराणी लहरी माणूस. वाडेकरांनी चेंडू दिला. दुराणीने सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला आणि लॉईडला बाद केलं. लॉईडचा झेल कुणी घेतला ते स्कोअरकार्डात बघ: वाडेकर. भारत सात गडी राखून जिंकला, वेस्ट इंडिजविरुद्धचा आपला पहिलावहिला कसोटी विजय.

पुतण्या: हे कॅप्टनचं झालं. मैदानात उभा असलेला माणूस चेंडू कुणाला द्यायचा ते ठरवणारच. मी मॅनेजरबद्दल विचारतोय.

काका: मग ऑकलंडला ये. 27 मार्च 1994. सिद्धूची मान आखडली, सलामीला माणूस नाही. तेंडुलकर तेव्हा एकदिवसीय सामन्यांत खाली, मधल्या फळीत खेळायचा. जवळपास सत्तर सामने खेळून झाले होते आणि शतक एकही नव्हतं. तो कॅप्टन अझरुद्दीनकडे आणि वाडेकरांकडे गेला, मला एक संधी द्या, नाही जमलं तर परत कधी मागणार नाही म्हणाला. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. आता मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघ. मधल्या फळीचा खांब तू नव्या चेंडूसमोर उभा करणार, परदेशात. तो लवकर बाद झाला तर खालची बाजू उघडी पडते आणि शिव्या तुलाच. वाडेकर हो म्हणाले. तेंडुलकरने 49 चेंडूंत 82 केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलंबोला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध, पहिलं शतक आलं. त्याच्या एकूण 49 एकदिवसीय शतकांपैकी 45 त्याने सलामीला येऊन केली आहेत. दुराणीने चेंडू मागितला होता, तेंडुलकरने जागा मागितली. तेवीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या माणसांनी एकाच माणसाकडे मागणं घातलं आणि दोन्ही वेळा त्याने ते झेललं. याला मी योगायोग म्हणणार नाही.

पुतण्या: तेंडुलकर आज ना उद्या सलामीला गेलाच असता.

काका: कदाचित. पण त्या आधी चार वर्षं तो संघात होता आणि कुणी पाठवलं नव्हतं. गुण असतो, तो दिसतोही. त्याला जागा मोकळी करून देणारा माणूस दर वेळी भेटतोच असं नाही. आपल्याकडे भिंतीला टेकून बसलेली किती पोरं तशीच म्हातारी झाली!

पुतण्या: बरं, मग 1993. इंग्लंडचे मॅनेजर कोण होते? कीथ फ्लेचर. तेही आयुष्यभर स्लिपमध्येच उभे राहिले, एसेक्सचे नावाजलेले कॅप्टन. तुमच्या हिशोबाने तेही उत्तम मॅनेजर व्हायला हवे होते. ते 3-0 हरले. मग स्लिपच्या तालमीचं काय झालं?

हा या वादातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, कारण काकांचा सिद्धांत त्याने अर्धा मोडतो. उभं राहण्याच्या जागेवरून मॅनेजर घडत असता तर जगातले सगळे स्लिप फील्डर आणि फर्स्ट बेसमन यशस्वी मॅनेजर झाले असते. तसं झालेलं नाही. त्या मालिकेत मात्र दोन्ही मॅनेजरांसमोर एकच कागद होता, तो उत्तरासाठी पाहण्यासारखा आहे. फ्लेचर मुद्दाम दक्षिण आफ्रिकेला जाऊन कुंबळेची गोलंदाजी पाहून आले होते. लेगस्पिनरचा चेंडू हातभर वळायला हवा, हा काही वळवत नाही, याची भीती नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कलकत्त्याच्या पहिल्या कसोटीत इंग्लंडने एम्बुरी आणि टफनेल या दोन अनुभवी फिरकी गोलंदाजांना बाहेर बसवलं आणि वेगवान गोलंदाज भरले. भारताने कुंबळे, राजू, चौहान असे तिघे फिरकीवाले खेळवले. खेळपट्टी दोघांनाही तीच होती. ‘खेळपट्टीने जिंकवलं’ हा आक्षेप इथेच ढिला पडतो. खेळपट्टी वाचावी लागते, आणि एका बाजूने ती चुकीची वाचली.

काका: फ्लेचरनीही चंद्रशेखरला खेळलं होतं, 1972-73 च्या दौऱ्यात, मुंबईला त्याच्याविरुद्ध शतकही ठोकलं. पण समोरून, अधूनमधून. वाडेकर त्याच चंद्राच्या मागे वर्षानुवर्षं उभे होते. कमी वळणारा पण झपकन उसळी घेणारा लेगस्पिन फलंदाजाचं काय करतो, तो कडेला कसा लागतो, पायावर कसा आदळतो, हे त्यांनी हातांनी अनुभवलं होतं. कुंबळे वळवत नाही ही तक्रार त्यांना कशी पटावी? जागेपेक्षा त्या जागेवर उभं राहून तुम्ही कुणाचं काम बघत होता ते महत्त्वाचं, एवढी दुरुस्ती मी माझ्या म्हणण्यात करतो. फ्लेचरच्या उदाहरणाने एक गोष्ट मात्र पक्की झाली. मॅनेजर निरुपयोगी असता तर त्याच्या चुकीचीही किंमत मोजावी लागली नसती. आणि घरच्या खेळपट्ट्यांचंच म्हणशील, तर 1990 ते 1999 या सगळ्या दशकात भारताने परदेशात एकच कसोटी जिंकली, 1993 ला कोलंबोत. तीही वाडेकरांच्याच काळात.

पुतण्या: आणि अपयशाचं काय? 1974 ला लॉर्ड्सवर 42 सर्वबाद, मालिका 3-0 ने गेली, त्यांना पश्चिम विभागाच्या संघातूनही काढलं, तिथेच खेळणं संपलं. 1996 ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाची उपांत्य फेरी. नाणेफेक जिंकून आपण क्षेत्ररक्षण घेतलं. श्रीलंकेने 251 केल्या, आपण 1 बाद 98 वरून 8 बाद 120 झालो, प्रेक्षक चिडले, सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. ही पण मॅनेजरचीच देन ना?

काका: हो. त्यात पळवाट काढायची नाही. श्रीलंका त्या स्पर्धेत पाठलाग करून जिंकत होती, दिल्लीत आपल्याच 271 धावा त्यांनी पार केल्या होत्या. म्हणून त्यांना पाठलाग करू द्यायचा नाही, असा हिशोब होता. हिशोब मागच्या सामन्यांवर होता, समोरच्या खेळपट्टीवर नव्हता. तीन वर्षांपूर्वी कलकत्त्यात फ्लेचर जसे चुकले, तशीच ही चूक त्याच शहरात झाली. वाडेकरांची मॅनेजरकी त्या स्पर्धेबरोबर संपली. मी त्यांना देव मानत नाही. पण चुकीवरूनही तेच दिसतं की मॅनेजरच्या निर्णयाला वजन असतं. तुझं म्हणणं तर वजनच नसतं असं होतं.

पुतण्या: समजा वजन असतं. मग मोठा खेळाडूच का हवा? वाडेकर, हॉजेस दोघंही नावाजलेले. नाव होतं म्हणून पोरांनी ऐकलं. जुलै 1969 मध्ये त्या हॉजेसने क्लीओन जोन्स नावाच्या आपल्या सगळ्यात चांगल्या फलंदाजाला भर सामन्यात मैदानातून बाहेर आणलं म्हणतात. चेंडूमागे पुरेसा पळाला नाही म्हणून. स्वतः डगआऊटमधून उठून, सगळ्या प्रेक्षकांदेखत, गोलंदाजाला ओलांडून, शॉर्टस्टॉपला ओलांडून थेट लेफ्ट फील्डपर्यंत चालत गेला आणि त्याला बरोबर घेऊन आला. आमच्या संघात कुणी असं केलं तर आयकॉन खेळाडू बॅग उचलून दुसऱ्या गावाकडे जाईल.

काका: जोन्स गेला नाही. त्याच मोसमात वर्ल्ड सिरीजचा शेवटचा झेल त्याच्याच हातात आला. हॉजेसने आरडाओरडा केला नाही. तो हळूहळू चालत गेला, आणि त्या चालण्यातच संघातल्या सगळ्यांना कळलं की इथे नाव चालणार नाही. पण तुझा मुद्दा नावाचा आहे, तर अमोल मुजुमदार घे. फेब्रुवारी 1988 मध्ये तेंडुलकर-कांबळीने शालेय क्रिकेटात 664 धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा तो. रणजी पदार्पणात 260. प्रथम श्रेणीत 11,167 धावा, 30 शतकं. भारताकडून एकही सामना नाही. पॅड बांधून वाट बघण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, तो 2023 ला भारताच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. नाव मोठं म्हणून त्याचं ऐकलं, असं कुणी म्हणू शकणार नाही.

पुतण्या: आणि त्याचं श्रेय कशावरून? विश्वचषक हरमनप्रीतच्या संघाने जिंकला.

काका: त्यांनीच जिंकला. पण 2025 च्या त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे तीन सामने ओळीने हरलो होतो. जेमिमा रॉड्रिग्सला इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं होतं. मग नवी मुंबईत उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, 339 चं लक्ष्य. आपण पाचव्या क्रमांकावर जाणार असं जेमिमा धरून चालली होती. मैदानात जायच्या काही मिनिटं आधी तिला सांगितलं, तू तिसरी. तिने नाबाद 127 केल्या. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून शेफाली वर्माला बाहेरून बोलावलं, आणि 2 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात तिने 87 धावा करून दोन बळीही घेतले. आता सांग, ज्या मुलीला अकरा दिवसांपूर्वी बसवलं तिलाच एवढ्या मोठ्या सामन्यात वर पाठवायचं, हे स्कोअरकार्डात कुठे दिसतं?

पुतण्या: आणि ती शून्यावर गेली असती तर?

काका: तर मुजुमदारांना 1996 च्या वाडेकरांसारखं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेही त्यांनीच द्यायचं, जेमिमाने नाही. त्यासाठीच माणूस बाहेर बसवायचा. फलंदाजाने आपल्या विकेटची काळजी करावी; या निर्णयाचं ओझं त्याच्या डोक्यावर नको. म्हणून मी आपल्या संघासाठी मॅनेजर मागतो तेव्हा लिलावाच्या पैशांतला वाटा त्याच्यासाठी आधी बाजूला काढा म्हणतो. यष्टीमागे किंवा स्लिपमध्ये वर्षं काढलेला, आपल्या पोरांचं खेळणं जवळून पाहिलेला माणूस शोधा. त्याला कॅप्टनच्या बरोबरीने शब्द द्या. आणि हरल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारा.

पुतण्या: शेवटचं मला पटलं. आधीचं अजून अर्धंच पटलंय. तो कुणाला निवडायचा यावर आपण भांडणारच आहोत.

काका: भांडू. निदान या वर्षी ते भांडण लिलावाआधी होईल.